सहा चाकं आणि एक पेडल

आमची मोटरहोम बघायला कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती देते?" माणूस मिशिगनमध्ये पंचवीस वर्षं राहिलेला असू दे, घरी इलेक्ट्रिक गाडी असू दे, तरी प्रश्न तोच. लिटरला साडेतीन, हायवेला वारा पाठीमागून असेल तर चार, असं मी सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघते. मग इंजिन केवढं, तर साडेसात लिटर. म्हणजे किती सीसी? साडेसात हजार. मग आत बाथरूम आहे का, गॅस कुठला, फोडणी दिली तर वास जातो का (नाही जात, पडद्यांना आठवडाभर हिंग येतो). एवढी चौकशी होते पण एवढं धूड थांबतं कसं हे अजून एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही, आणि माझे हिवाळ्यातले शनिवार-रविवार तर सगळे त्यातच गेलेत, तेव्हा कुणी विचारत नसेल तर मीच सांगते.

आधी गाडीची ओळख. जीएमसी मोटरहोम, १९७५ चं मॉडेल, २६ फुटी. जनरल मोटर्सने ही १९७२ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर ट्रान्सपो प्रदर्शनात लोकांसमोर आणली आणि १९७३ ते १९७८ एवढीच मॉडेल वर्षं ती बनली, सगळ्या मिळून तेरा हजारांच्या आत. बनायची मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅकला, म्हणजे आमच्या इकडेच. तेव्हाच्या बाकीच्या मोटरहोम म्हणजे एकाने बनवलेल्या ट्रकच्या चासीवर दुसऱ्याने बसवलेला डबा, ही मात्र पहिल्यापासून घर म्हणूनच डिझाइन केलेली. इंजिन आणि गिअरबॉक्स ओल्ड्समोबिल टोरोनॅडो नावाच्या कूपेतून उचललेला, फ्रंट व्हील ड्राइव्ह, त्यामुळे पोटाखाली शाफ्ट नाही, मागे डिफरन्शियल नाही, आणि फ्लोअर इतका खाली की माझ्या आईला गुडघे दुखत असतानाही चढायला स्टूल लागत नाही. मागे प्रत्येक बाजूला दोन चाकं एकामागे एक आणि त्या दोघांत मिळून एक एअर बॅग. पुढची दोन धरून चाकं सहा.

टोरोनॅडोची एक गंमत. १९६६ मध्ये ती आली तेव्हा तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी डबडं, त्याला आतून दाबून धरणारे तुकडे म्हणजे शू) आणि एवढ्या जड, एवढ्या पळणाऱ्या गाडीला ते पुरत नाहीत अशी तेव्हाच बोंब झाली, पुढच्या वर्षी डिस्कचा, म्हणजे दोन्हीकडून पॅडच्या चिमट्यात धरायच्या उघड्या तबकडीचा, ऑप्शन आला. मोटरहोमला निदान सुरुवातीपासून पुढे डिस्क मिळाल्या, मागे चारही ड्रम.

आम्ही घेतली तेव्हा पेडल अर्धं असंच खाली जायचं, मग एकदम कडक लागायचं, गाडी डावीकडे ओढायची, आणि पाय काढला तरी कुठलं तरी चाक धरून बसल्यासारखं वाटायचं. नवरा सॉफ्टवेअरवाला, त्याचं म्हणणं जुनं सगळं उडव आणि नवीन टाक. आणि तसं टाकायला मिळतंही भरपूर, या गाडीचे शौकीन अजून हजारोंनी आहेत, त्यांच्यासाठी कुणी सहाही चाकांना डिस्कचं किट विकतं, कुणी मोठे कॅलिपर (डिस्कचा तो चिमटा), कुणी पॉवर स्टीअरिंगच्या पंपावर चालणारा बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा), कुणी इलेक्ट्रिक. मागच्या डिस्कच्या किटच्या किमतीत पुण्यात एक बरी स्कूटर येईल.

मला ते पटेना. या गाडीचे मूळचे ब्रेक, धडधाकट असताना, कसे लागतात हेच जर आम्हाला कधी कळलेलं नाही, तर मग ते कमी पडतात हे कशावरून? शेजारचे आजोबा ट्रक प्लांटमधून रिटायर झालेत, बोलतात कमी आणि बोलले तर हातात पाना असतो, त्यांनी पण हेच सांगितलं, आधी सगळे ड्रम काढून बघ, खरेदी नंतर.

ड्रम काढणं हे वाक्य लिहायला सोपं आहे. पन्नास वर्षांच्या गाडीचा ड्रम हातोडीने, उष्णतेने, गंजाच्या स्प्रेने आणि शेवटी शिव्यांनी निघतो. आत जी काळी पूड साठलेली असते ती फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारायची नाही, कारण त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद करायचं. आमच्या इथे आत काय निघालं? एका चाकाचं व्हील सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने शू ढकलणारं, गळत होतं आणि शू तेलात भिजलेला, एकाचा पिस्टन गंजून जाम, आणि शू झिजले की आपोआप पुढे सरकवणारे अ‍ॅडजस्टर जवळजवळ सगळेच अडकलेले. मागच्या चार चाकांपैकी काही तर नुसती सोबतीला येत होती. आणि या गाडीत बहुतेक वजन मागच्या चारांवर असतं, म्हणजे नेमकं जिथे ब्रेक हवेत तिथे बोंब.

डावीकडे ओढण्याचं कारण त्याहून मजेदार निघालं. पुढच्या उजव्या चाकाचा रबरी होज बाहेरून एकदम ठणठणीत, पण आतून फुगून भोक सुईएवढं झालेलं. पेडल जोरात दाबलं की तेल त्यातून कसंबसं पलीकडे जायचं, म्हणजे उजवं चाक उशिरा धरायचं आणि तोपर्यंत डाव्याने गाडी आपल्याकडे खेचलेली असायची, आणि पाय काढला की परत यायला जोर नसल्याने तेल तिकडेच अडकायचं म्हणून उजवं चाक सोडायलाही उशीर करायचं. वीस-पंचवीस डॉलरचा होज. आम्ही कॅलिपर बदलून बसलो असतो आणि गाडी तशीच डावीकडे गेली असती.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याने लोखंडी ब्रेक पाइप बाहेरून खाल्ले जातात, तेव्हा पाइप सगळेच काढले आणि तांबं-निकेल मिश्रधातूचे घातले, ते गंजत नाहीत आणि हाताने वळवता येतात. टोकाला डबल फ्लेअर करावा लागतो, म्हणजे पाइपची कड आधी आत मुडपायची आणि मग फाकवायची, जरा तिरकी आली की गळणारच. हे काम मला फार आवडलं, का ते सांगता येणार नाही. नवऱ्याला वाटतं मी बंगलोरला असते तर बांगड्या घडवल्या असत्या.

आता थोडा हिशोब, कारण ब्रेक म्हणजे शेवटी उष्णतेचा धंदा. सामान, पाणी, माणसं भरून गाडी साडेपाच टनांच्या आतबाहेर जाते. ताशी साठ मैल, म्हणजे शहाण्णव किलोमीटरवरून ती एकदा पूर्ण थांबवली की जेवढी ऊर्जा चाकांत उष्णता होऊन उतरते तेवढ्यात पाच-साडेपाच लिटर गार पाणी उकळेल. हे एकदाच थांबण्याचं. डोंगरावरून साडेसहाशे मीटर खाली यायचं तर हिशोब शंभरेक लिटरवर जातो, म्हणजे आजीच्या मागच्या अंगणातला तांब्याचा बंब तीन-चार वेळा भरून आणि उकळून. काही हवेच्या विरोधात जाते, काही इंजिन घेतं, उरलेली सगळी त्या सहा लोखंडी तुकड्यांनी पचवायची.

आणि ड्रम नेमका तिथे मागे पडतो. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून पेडल आणखी खाली लागतं. डिस्क तापली तर जाड होते, पॅडच्या जवळच येते. शिवाय डिस्क उघड्यावर असते, वारा लागतो, ड्रमची सगळी धग आत कोंडलेली. पण ड्रमचा एक गुण आहे जो डिस्कवाले सांगत नाहीत, फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आपल्याकडे ओढून घेतो, म्हणजे आपण दाबलं त्यापेक्षा जास्त धरतो. डिस्कला ते जमत नाही, तिला जेवढा दाब द्याल तेवढंच काम. त्यामुळे मागे ड्रम काढून डिस्क टाकल्या आणि बाकी काही बदललं नाही तर गाडी आधीपेक्षा वाईट थांबते, आणि हजारो डॉलर घालून अशी वाईट थांबणारी गाडी घेऊन फिरणारे लोक मी पाहिलेत. ते सांगतात, पेडल जरा कडक आहे एवढंच.

यातच सगळी मेख आहे. पेडलपासून चाकापर्यंत एक साखळी आहे आणि तिच्यात एक कडी बदलली की बाकीच्यांचा हिशोब बिघडतो. पुढे मोठे कॅलिपर टाका, ट्रकचे ८० मिलिमीटर पिस्टनवाले यात बसतात, बरेच जण टाकतात. व्यास पाच टक्के वाढला तर क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं, तेवढा जोर जास्त. पण मोठ्या पिस्टनला ढकलायला तेलही जास्त लागतं, मग पेडल खाली जातं. ते नको म्हणून मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने तेलाला दाब देणारा, मोठा टाकावा तर त्याच पायाच्या जोरात दाब कमी तयार होतो आणि पेडल दगडासारखं लागतं. मग बूस्टर मोठा हवा. फुकट काहीच मिळत नाही, पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवलंय. वर ड्रमसाठी पाइपात कायम थोडा दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, साधारण दहा पीएसआय (चौरस इंचाला दहा पौंड), तो तसाच राहिला आणि मागे डिस्क आल्या तर पॅड दिवसभर घासत राहतात. असे बारीकसारीक सापळे जागोजागी.

आणि मागच्या चाकांचा तर वेगळाच किस्सा. मधलं चाक ज्या आर्मवर आहे तो पुढे जातो, शेवटच्या चाकाचा आर्म मागे जातो, दोघे एकाच जागेच्या आजूबाजूला लटकलेले. ब्रेक लागला की चाकाचा सगळा पीळ आर्मवर येतो, चाक ज्या दिशेने फिरतंय त्या दिशेने आर्मला फिरवायला बघतो. मधल्या चाकाच्या बाबतीत त्यामुळे चाक रस्त्यावर आणखी दाबलं जातं, आणि शेवटच्याच्या बाबतीत बरोबर उलटं, ते वर उचलल्यासारखं हलकं होतं. म्हणजे जेवढा जोरात ब्रेक माराल तेवढं शेवटचं चाक हलकं, आणि हलकं चाक आधी जाम होऊन घसरतं. म्हणून या गाड्यांच्या मागच्या टायरवर सपाट घासलेले चट्टे दिसतात. यावर उपाय काढलाय लोकांनी, कॅलिपर आर्मवर न बसवता वेगळ्या दांड्याने चासीला जोडायचा, मग पीळ आर्मवर येतच नाही. मला ती कल्पना इतकी आवडली की मी कागदावर बाण काढून नवऱ्याला समजावत बसले होते आणि तो अगदी शहाण्यासारखा मान हलवत फोन बघत होता. पण तूर्त नाही घेतली. एक तर महाग, आणि दुसरं म्हणजे चारही ड्रम नीट केल्यावर, नवे सिलिंडर, नवे शू, अ‍ॅडजस्टर मोकळे, गाडी इतकी सरळ थांबायला लागली की मलाच राग आला, एवढ्याशासाठी इतकी वर्षं हिला लोकांनी नावं ठेवली?

तर शेवटी ठरलं ते असं. पुढे मोठे कॅलिपर, त्यांच्या मापाचा मास्टर सिलिंडर, बूस्टर मूळचाच पण दुरुस्त करून आणलेला, मागे ड्रमच. शौकीन मंडळींच्या दृष्टीने हे अर्धवट काम आहे, आजोबांच्या दृष्टीने कॅलिपरसुद्धा जास्तीचे आहेत. असू दे.

मग हवा काढायचा दिवस. पाइपात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल स्पंजी लागतं कारण हवा दबते आणि तेल दबत नाही. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, उजवं मागचं, डावं मागचं, मग मधली, मग पुढची. मी गाडीखाली निपलवर पाना लावून, नवरा वर पेडलवर. "दाब... दाब... दाब... धर." "धरला." मी निपल सोडते, बुडबुडे येतात, पेडल खाली जातं, मी निपल बंद करते, "सोड." यात एकच नियम, मी सोड म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. आणि पठ्ठ्याने मीटिंगचा कॉल कानात घेऊन हे केलं. तिकडून कुणीतरी काहीतरी विचारलं आणि हा इंग्रजीत म्हणाला येस, आय अ‍ॅग्री, आणि मी खालून ओरडले "धर रे, सोडू नकोस!", ते त्याच्या पूर्ण टीमने ऐकलं. सहा चाकं म्हणजे दुपार जाते. तेल डॉट ४ घातलं, ताजं असताना २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण हे तेल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी शिरलं की तोच आकडा १५५ वर येतो, आणि पाइपात तेल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, पेडल जमिनीला टेकतं. उतारावर ब्रेक फेल झाले म्हणतात त्यातले काही असेच असतात. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं, गाडी चालवली नाही तरी.

उन्हाळ्यात आई-बाबा आले होते तेव्हा कोलोरॅडोला नेलं. बाबांनी आयुष्यभर प्रीमियर पद्मिनी चालवली, चारही चाकांना ड्रम, खंबाटकी उतरताना न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणाऱ्या पिढीतले. डेन्व्हरवरून आय-७० ने चढत गेलं की आयझनहॉवर बोगदा लागतो, अकरा हजार फुटांच्या वर, त्याचं पहिलं भुयार १९७३ ला उघडलं, म्हणजे आमच्या गाडीपेक्षा दोनच वर्षांनी मोठं. बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सहा-सात टक्क्यांचा सलग उतार, ट्रकवाल्यांसाठी पाट्यांवर पाट्या, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकने चढून रुतून बसावं म्हणून खडीने भरलेले रॅम्प.

इथे आणखी एक भानगड असते जी घाटात मला कधी सुचली नव्हती. आमचा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो, म्हणजे एका बाजूला इंजिनाने ओढलेली पोकळी आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि खरं काम ही बाहेरची हवा करते. अकरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश उरतो. म्हणजे जिथे सगळ्यात लांब उतार तिथेच बूस्टरची मदत तिसऱ्या हिश्श्याने कमी. पेडल तिकडे खरंच कडक लागतं, माझ्या पोटऱ्यांना जाणवलं. मोठे कॅलिपर घेतल्याचं मला वाईट वाटलं नाही ते इथे.

"अगं न्यूट्रल कर, पेट्रोल वाचेल," बाबा म्हणाले.

"पेट्रोल वाचेल बाबा, आपण नाही वाचणार."

मग ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे त्यांनीच मला शिकवलेलं मी त्यांना ऐकवलं, आणि ते म्हणाले ते ट्रकला. ही पण साडेपाच टनांची आहे म्हटलं. तीनच गिअरचा ऑटोमॅटिक आहे, दुसऱ्यात टाकला की साडेसात लिटरचं इंजिन चांगलं धरून ठेवतं, तेवढं पेट्रोल पिण्याचा हा एक फायदा. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. इथल्या ट्रकच्या लायसन्सच्या पुस्तकात पद्धत दिलेली असते, ताशी ४० मैलांचा वेग ठीक आहे असं ठरवलं तर ४० ला पोचल्यावर नीट दाबून ३५ वर आणायची, पाय पूर्ण काढायचा, परत ४० झाली की परत. मधल्या वेळात लोखंड श्वास घेतं. बाबा मोठ्याने आकडे मोजत होते, आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, रामरक्षाच असणार.

खाली उतरून पार्किंगमध्ये थांबलो आणि मी टेंपरेचर गन घेऊन सहाही चाकांना फेरी मारली. हे खेळणं चाळीस-पन्नास डॉलरला मिळतं आणि माझ्या मते सगळ्या किटपेक्षा उपयोगी आहे. आकडा किती आला याला महत्त्व कमी, डावं-उजवं सारखं आहे का ते बघायचं, आणि मागचे चारही ड्रम एकमेकांच्या आसपास आहेत का. एखादा जास्त गरम असेल तर तो घासतोय, एखादा थंड असेल तर काम चुकवतोय. आमचा उजवा मागचा बाकीच्यांपेक्षा बराच थंड निघाला. मी खाली सरपटले, बॅकिंग प्लेटच्या खाचेतून स्क्रू ड्रायव्हर घालून अ‍ॅडजस्टरचे दात पुढे सरकवले, चाक जॅकवर फिरवून हलकंसं घासेपर्यंत. बाबा शेजारी उकिडवे बसून बॅटरी धरत होते, जॅक कुठे लावायचा यावर त्यांचं स्वतंत्र मत होतं.

हँडब्रेक मात्र अजून हवा तसा धरत नाही, केबल ताणून सैल झालेली आहे आणि नवी या हिवाळ्यात घालायची. मागे डिस्क न टाकण्याचं हेही एक कारण होतं, हँडब्रेकला ड्रमच बरा, डिस्कला त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते आणि किटमधली मला कमजोर वाटते. तोवर गिअर पार्कमध्ये आणि चाकाखाली लाकडी ठोकळे. बाबांना ठोकळे पटत नाहीत. ते प्रत्येक मुक्कामाला आधी उतरून दगड शोधायचे, चांगला बुटका, सपाट बुडाचा, आणि निघताना तो दगड कॅम्पग्राउंडमध्ये नेमका जिथून उचलला तिथे परत ठेवायला लावायची आई.